दुसरी पार्टी

कोथरूडमधल्या एका फ्लॅटसाठी गेला दीड महिना मी एका अदृश्य माणसाशी झुंजतो आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. एजंट त्याला 'दुसरी पार्टी' म्हणतो, आणि म्हणताना आवाज असा खाली आणतो, जणू गाभाऱ्यात उभा आहे.

फ्लॅट दोन बेडरूमचा, इमारत १९९४ची, लिफ्ट आहे पण लहरी. मागणी ९२ लाख. मी ८५ म्हणालो. एजंट नुसता हसला. सोमवारी दुसरी पार्टी अवतरली: न्यू जर्सीत स्थायिक, पैशाचा प्रश्नच नाही. गुरुवारी कळलं की तीच पार्टी 'काल संध्याकाळी फॅमिलीला घेऊन बघून गेली'. न्यू जर्सीहून कोथरूड, सहकुटुंब, बुधवारी संध्याकाळी! चांदणी चौक धरून!

मी ८९वर गेलो. अकरा मिनिटांत फोन: 'सर, त्यांनी नव्वद केलेत.' सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटलेली. माझी सख्खी बायको भरदिवसा माझा फोन इतक्या तत्परतेने उचलत नाही.

मी म्हटलं, त्यांचा मेसेज दाखवा, नाव झाका हवं तर. एजंट दुखावला. 'सर, प्रायव्हसी असते ना. ट्रस्ट पाहिजे.' प्रायव्हसी! माझा नंबर कर्जवाल्यांपासून मॉड्युलर किचनवाल्यांपर्यंत प्रसादासारखा वाटणारा हा गृहस्थ! आणि ओनरना भेटू का विचारलं, तर ओनर 'डायरेक्ट बोलत नाहीत'. का, मौन आहे?

शेवटी आत्याला मैदानात उतरवलं. आत्या म्हणजे निवृत्त गणित शिक्षिका. पेपर फुटल्याचा वास तिला दुसऱ्या मजल्यावरून येई. तिने गिऱ्हाईक म्हणून फोन केला. 'काकू, लवकर ठरवा,' एजंट म्हणाला, 'कर्वेनगरचे एक सर आहेत, चौऱ्याण्णवपर्यंत गेलेत, उद्या टोकन देतायत.'

कर्वेनगरचे सर म्हणजे मी. माझ्या माघारी मी पाच लाखांनी श्रीमंत झालो होतो. आत्याचा लगेच फोन: 'गाढवा, चौऱ्याण्णव कशाला बोललास?' तिलासुद्धा क्षणभर खरं वाटलं! तेव्हा उलगडा झाला. न्यू जर्सीवाला असेलही बिचारा, आणि त्यालाही असाच कोणी कर्वेनगरचा माजोरी सर रात्री दीडला उठवत असेल. आम्ही सगळे एकमेकांची भुतं.

भाव चढवण्यात एजंटचा एवढा काय फायदा, असं तुम्ही विचाराल. हुशार आहात. दलाली दोन टक्के. पाच लाख चढले तर त्याला माझ्याकडून दहा हजार, ओनरकडून दहा हजार. त्यापायी कोणी एवढं महाकाव्य रचत नाही. खरा माल आहे घाई. शनिवार-रविवार विचार करणारं गिऱ्हाईक सोमवारी दुसरा फ्लॅट बघतं. घाबरलेलं गिऱ्हाईक आजच टोकन देतं. आणि दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस नेमका कोणाचा? 'मी न्यूट्रल आहे सर.' गाडीचा न्यूट्रलही असाच असतो. उतार असेल तिकडे जाते.

कायदा बघायला गेलो तर आणखी करमणूक. मालविक्री कायदा, १९३०, कलम ६४: लिलावात विकणाऱ्याने खोटी बोली लावून भाव चढवला, तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. पण हा कायदा जंगम मालाचा. लोखंडी कपाट लिलावात घ्या, कलम आहे. कपाट ठेवायला घर घ्या, तर करार कायद्यातलं फसवणुकीचं सर्वसाधारण कलम धरून बसा, १८७२चं. साक्षीला समन्स कोणाला काढायचं? न जन्मलेल्या माणसाला? रेराची तर एजंटने मला परीक्षा पास झाल्याचा दाखलाच दाखवला. छान. पण २०१६च्या त्या कायद्यात एजंटला नोंदणीची सक्ती आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकायला. १९९४च्या लहरी लिफ्टचा त्याच्याशी काय संबंध? माशाला सायकलचा परवाना दाखवण्यातला प्रकार.

वाशीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून आंब्याचा भाव ठरवायच्या हत्ता पद्धतीला लोक नावं ठेवतात. अहो, रुमालाखाली निदान दोन खरे हात तरी असतात!

'दलाल' हा शब्द अरबीतून आला. त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखवणं. वाट लावणं ही आपली स्वदेशी भर.

मग मी माझे ८९ मागे घेतले आणि ८६ कळवले. नऊ दिवस स्मशानशांतता. नव्वद देणाऱ्या न्यू जर्सीने एव्हाना घर घेऊन पडदे लावायला हवे होते. पण संध्याकाळी मुद्दाम खालून बघितलं, गॅलरीत तेच कबुतर, तीच तुटकी कुंडी. दहाव्या दिवशी फोन.

'सर, ती पार्टी मागे हटली. तुमच्यासाठी ओनरना गळ घातलीय. तुमच्या त्या चौऱ्याण्णवला करून टाकू.'

'माझे कधी चौऱ्याण्णव?'

'असं काय सर,' तो खरोखर व्यथित होऊन म्हणाला, 'तुमच्या भरवशावर मी ओनरना शब्द दिलाय.'