अडकलेला स्टार्टर

गेल्या महिन्यात आपाकडे आगरदांड्याला गेलो होतो. दुल्हाभाई कुवेतला नोकरीला; दोन वर्षांनी महिनाभराच्या सुट्टीवर यायचे होते. त्यांची मोटरसायकल अंगणात पत्र्याखाली उभी. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. बटण दाबलं की नुसतं 'टक्' व्हायचं. गाडीला किक नाही. बारावीतला भाचा म्हणाला, "मामू, स्टार्टर मोटर गेलीय. मी काढतो."

आपल्या किनाऱ्यावर अशा कितीतरी गाड्या उभ्या असतात. मालक आखातात नाहीतर जहाजावर, आणि गाडी खाऱ्या हवेत. म्हणून या वेळी हाच विषय.

मोटरवर ठपका ठेवण्याआधी बॅटरी तपासा. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना साधारण साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. त्यापेक्षा बरीच उतरली असेल तर रिले 'टक्' करतो, पण मोटर फिरवण्याइतका करंट मिळत नाही. बॅटरीची टोकं सैल किंवा हिरवट-पांढरी झाली असतील तरीही हेच होतं. अनेकदा दुखणं इथंच संपतं आणि मोटरचा खर्च वाचतो. आम्ही शेजाऱ्यांची चालू बॅटरी लावून पाहिली, टोकं घासून घट्ट केली. तरी 'टक्'च. म्हणजे मोटर काढणं आलं.

ही मोटर मुठीएवढी, डब्यासारखी गोल. तिचं तोंड इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या अंगात एका गोल भोकात बसतं. तेल बाहेर येऊ नये म्हणून तोंडाभोवती रबरी रिंग असते. बहुतेक गाड्यांत दोन बोल्ट काढले की मोटर हातानं सरकून यायला हवी. आमची तसूभर हलली नाही.

कारण खारा वारा. जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ याच वाऱ्यात शतकानुशतकं टिकली, पण ती पंचधातूची. ॲल्युमिनियमवर मीठ आणि ओल बसली की पांढरी भुकटी धरते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे मोटर आणि भोक यांच्यातली केसाएवढी फट गच्च भरते. त्यात रबरी रिंगही कडक होऊन भिंतीला चिकटते.

असरची नमाज पढून परतलो तर भाच्यानं फटीत स्क्रूड्रायव्हर घालून हातोडी उचललेली. मी थांबवलं, पण तोवर इंजिनाच्या कडेचा तांदळाएवढा टवका उडाला होता. पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, "मामू, काळं सीलंट लावू. अब्बांना कळणार नाही."

तेव्हा काही बोललो नाही. म्हटलं, आधी मोटर काढू.

चावी बंद करून बॅटरीची ऋण बाजूची वायर पहिल्यांदा सोडवली. नाहीतर पाना चुकून चेसीला लागला तर ठिणगी उडते. मोटरभोवतीची माती-वाळू ब्रशनं आणि फडक्यानं साफ केली, कारण मोटर निघताच ती सरळ इंजिनात पडते. मग मोटरची जाड वायर आणि दोन बोल्ट काढले. एखाद्या बोल्टाखाली अर्थिंगची वायर असू शकते. मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवावा. फटीभोवती गंज सोडवणारं स्प्रे तेल मारलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. फजरनंतर पुन्हा मारलं.

दुपारी आपानं गरम पाण्यात भिजवून पिळलेली फडकी दिली. ती भोकाच्या बाजूनं इंजिनाला गुंडाळली. ऊब मिळाली की रिंग नरमते आणि तेल आत शिरतं. पेट्रोलच्या टाकीखाली स्टोव्ह, मेणबत्ती, गॅसची ज्योत कदापि नको. मग मोटर दोन्ही हातांनी धरून जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे. मधूनमधून बोल्टाच्या कानावर लाकडाचा तुकडा धरून हलकी टिचकी, एकदा या बाजूनं, एकदा त्या. मोटरच्या पोटावर मारायचं नाही. पुष्कळ मोटरींच्या आत लोहचुंबक असतात, ते ठिसूळ असतात आणि तडकतात. मागचं झाकण ओढायचं नाही. ते वेगळं झालं तर आतल्या ब्रशच्या स्प्रिंगा उडतात. वायरचा खुंटा पकडून खेचायचं नाही.

जोहरनंतर काही वेळानं 'चुळुक' असा आवाज झाला आणि अल्हम्दुलिल्लाह, मोटर हातात आली. ब्रश झिजून गंजले होते. मिस्त्रीनं ते बदलून दिले. नवी मोटर लागली नाही.

बसवताना पांढरी भुकटी बारीक पॉलिश पेपरनं काढली, भोकात फडकं कोंबून, म्हणजे कचरा आत जाणार नाही. त्याच मापाची नवी रिंग घेतली, तिला इंजिन ऑइलचं बोट लावलं. बोल्टाच्या कानाखालची जागा लख्ख केली. या मोटरीचा करंट इंजिनाच्या अंगातूनच परत जातो, तिथं मळ राहिला तर नवी मोटरही मरगळते. बोल्ट आधी हातानं फिरवले, मग बेतानं आवळले. ॲल्युमिनियममधले आटे लवकर मरतात. बॅटरीची ऋण वायर शेवटी जोडली.

संध्याकाळी भाच्याला जवळ बसवून सांगितलं. विशीत मी गॅरेजात शिकत होतो, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या इंजिनाची कड मीही अशीच तोडली आणि सीलंट लावून गाडी दिली. त्यांनी माझ्या हातावर वर दहा रुपये ठेवले. पुढं ते गाव सोडून गेले, सांगायचं राहिलं. इंजिन टिकलं की नाही, ठाऊक नाही. ते दहा रुपये मात्र आजही टोचतात. घरात सोडून गेलेली गाडी असो की गॅरेजात आलेली, ती अमानत असते.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहनं लोखंड नरम केलं, असं कुरआनच्या सूरह सबामध्ये आहे. आपल्यासारख्यांच्या हाताला धातू नरम होतो तो तेलानं, उबेनं आणि सब्रानं. जोर लावला की धातू तुटतो, आणि तुटलेलं लपवावंसं वाटतं.

भाच्यानं त्याच रात्री टवक्याचा फोटो काढून अब्बांना पाठवला, खाली खरं काय ते लिहिलं. उत्तर सकाळी आलं: "तिथून तेल झिरपतं का, रोज बघ. मी आल्यावर दोघं मिळून करू."

आता सुट्टी संपली की गाडी पुन्हा उभी राहणार. आपाला दोन गोष्टी सांगून आलो. आठवड्यातून एकदा गाडी १५-२० मिनिटं फिरवून आणावी, नुसती चालू करून बंद करू नये. आणि प्लास्टिकऐवजी कापडी आच्छादन घालावं, प्लास्टिकखाली ओल कोंडते. गाडी फिरवण्याचं काम दुल्हाभाईंनी भाच्याकडे सोपवलंय, तो लायसन्सच्या वयाचा झालाय. चावीही त्याच्याच हाती दिली.