मोफत रुग्णाला दाद कोठे?

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. एका खासदाराने अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करवून घेतले. त्या तमाशाने औषधे आली नाहीत!

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. मात्र सर्वांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालये वगळली. केसपेपरचे नाममात्र पैसे ही किंमत नव्हे, असे ठरले. म्हणजे लातूरच्या खासगी दवाखान्यात पैसे मोजणारा ग्राहक. नांदेडला लेकरू घेऊन आलेली शेतमजूर बाई मात्र कोणीच नव्हे. १९९६ साली त्याच न्यायालयाने तातडीचे उपचार जगण्याच्या हक्कात धरले. पण त्यासाठी तिने उच्च न्यायालय गाठावे काय? जिल्हा ग्राहक आयोगाचे दार कायदा बदलून तिलाही उघडले पाहिजे.