विश्लेषण : यंत्रमाग कारखान्यातील हवा मोजणार कोण? भिवंडीच्या कामगारांचा खोकला नोंदीबाहेर का राहतो?

मोबाइलवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक बाहेरच्या हवेचा असतो. भिवंडीतील यंत्रमाग कामगार १२-१२ तासांची पाळी बंद शेडमध्ये काढतात. तिथली हवा त्या आकड्यात येत नाही.

बाहेरच्या आकड्यातून काय सुटते?

आयक्यूएअरच्या २०२१ च्या अहवालात जगातील सर्वांत प्रदूषित ठरलेले शहर राजस्थानातील भिवाडी होते, भिवंडी नव्हे. नावांचा हा घोळ अधूनमधून होतो. पण भिवंडीचा क्रमांक कोणताही असला, तरी त्यातून कारखान्यातली हवा कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २००९ ची मानके मोकळ्या हवेसाठी आहेत.

कारखान्यात नेमके काय उडते?

ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते. माग चालताना सूत फणीवर घासते आणि तंतूंसह वाळलेल्या खळीची भुकटी उडते. पाळी संपताना झाडू किंवा हवेच्या झोताने सफाई झाली, की खाली बसलेली धूळ पुन्हा वर येते.

मग खिडक्या उघडत का नाहीत? कोरड्या हवेत सुती धागा तुटतो. मजुरी मीटरवर असेल, तर धागा तुटला की कामगाराचेच पैसे जातात. त्यामुळे मालकाप्रमाणे कामगारालाही वारा नकोसा असतो. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो तो यामुळे. धूळ उडते तिथेच ती शोषून घेण्याची आणि आर्द्रता राखण्याची सोय हवी, आणि तिला खर्च येतो.

‘सोमवारचा आजार’ म्हणजे काय?

कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. कापसावरील जिवाणूंमधील एण्डोटॉक्सिन हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्यावर छाती आवळते, धाप लागते आणि पुढच्या दिवसांत त्रास कमी होतो, ही त्याची सुरुवातीची खूण. सुटी शुक्रवारी असेल, तर हा ‘सोमवार’ शनिवारी येतो. ‘सुटी कधी असते?’ हे डॉक्टरांनी विचारलेच नाही, तर साधा खोकला म्हणून औषध दिले जाते. वर्षानुवर्षे धूळ फुप्फुसात गेल्यावर मात्र सुटीतही दम लागतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांवर डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी केलेला पाच वर्षांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी गिरणी संप झाला आणि कापडाचे बरेच काम भिवंडीकडे सरकले. सूतकताईच्या तुलनेत विणकामात बिसिनोसिसचा धोका कमी असतो, हे खरे. भिवंडीत पॉलिस्टरचे कापडही मोठ्या प्रमाणावर निघते आणि त्याच्या धुळीत ही ‘सोमवारची’ खूण दिसेलच असे नाही. म्हणून केवळ बिसिनोसिस शोधणेही पुरेसे नाही.

कायदा काय सांगतो?

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये बिसिनोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतही तो आहे. अडचण व्याख्येत आहे. विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी जुन्या केंद्रीय कायद्यात १० कामगार लागत. संहितेत २० लागतात. भिवंडीत माग लहान लहान युनिटांत विभागलेले असतात. अनेकदा एकाच छपराखाली दोन-तीन नावे असतात, धूळ मात्र सामाईक.

भरपाईसाठी नोकरीचा पुरावा लागतो. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला, मालक बदलत राहणारा कामगार तो आणणार कुठून? धाप लागू लागली की तो गावी परततो आणि त्याचा आजार भिवंडीच्या खात्यात येतच नाही.

मोजता येते का?

येते. अमेरिकेने १९७८ मध्ये विणकाम विभागासाठी कापूस-धुळीची मर्यादा दर घनमीटरला ७५० मायक्रोग्रॅम ठरवली. गिरणीमालक खर्चाचा मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८१ मध्ये नियम कायम राहिला. त्यात हवेच्या झोताने सफाईवर निर्बंध आहेत आणि कामगाराची स्पायरोमेट्री पाळीआधी व पाळीनंतर करायची असते. फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजणारी ही चाचणी काही मिनिटांची आहे. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला ती केली, तर धुळीचा परिणाम एक्स-रेच्या कितीतरी आधी दिसू शकतो.