शाळकरी मुलांचे बूट इयत्तेवरून नव्हे, पायाच्या मापावरून घ्यावेत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, पालम, जि. परभणी

विषय : मोफत बूट योजनेत खरेदीपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याच्या पायाचे माप घेण्याबाबत.

महोदय,

शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मोफत देण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२३ मध्ये घेतला. त्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपये ठरले आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. उघड्या पायांतून शिरणारा हुकवर्म, काटेकुटे, काचा यांचा विचार करता योजना चांगलीच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, दुकानदाराकडे मागणी जाण्याआधी मुलाचा पाय मोजलेला असावा. अमुक इयत्ता म्हणून अमुक नंबर, असा हिशोब कुठेही होऊ नये. गणवेश सैल झाला तर आई घरी टाके घालून तो बेताचा करते, बुटाला तशी सोय नाही.

इयत्तेवरून पायाचा अंदाज बांधता येत नाही, याला आता भारतीय आकडेवारीचाच आधार आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. मुलींचा पाय सरासरी अकराव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण वाढीला पोचतो, मुलांचा मात्र पंधरा-सोळापर्यंत वाढत राहतो, असे त्यात दिसले. म्हणजे सहावीच्या एकाच बाकावरच्या मुलीचा पाय वाढायचा जवळपास थांबलेला असतो आणि मुलाला पुढची चार-पाच वर्षे बाकी असतात. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद असतो, हेही त्याच पाहणीत आढळले. त्यामुळे लांबीला बरोबर बसलेला बूट चवड्यावर आवळू शकतो.

‘घट्ट झाला तर मूल सांगेलच की,’ असे कोणी म्हणेल. लहान मूल सांगत नाही. या वयात पायाची बरीच हाडे अजून कूर्चेची, मऊ असतात. बूट आखूड असला तर बोटे निमूट आत वळतात आणि मुलाला फारसे दुखतही नाही. ऑस्ट्रियात बालवाडीच्या ८५८ मुलांची तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचे बूट आखूड निघाले आणि बूट जितका आखूड तितका अंगठा बाहेरच्या बाजूला अधिक कललेला दिसला.

आपल्याकडे चूक बहुधा उलट्या बाजूने होते. ‘वाढत्या मापाचा द्या, पुढच्या वर्षीही चालेल,’ हा पालकांचा आग्रह परिस्थितीतून येतो आणि आम्ही पालकच असल्याने तो आम्हाला कळतो. पण दोन नंबर मोठ्या बुटात टाच सुटते, फोड येतात आणि बूट पडू नये म्हणून मूल बोटे आकसून चालते. शाळकरी वयात पाय वर्षाला साधारण एक सेंटीमीटर किंवा त्याहून थोडा कमी वाढतो. पुढे अंगठ्याएवढी, म्हणजे सेंटीमीटरभर जागा ठेवली की एका वर्षाला पुरते.

त्याहून अवघड आक्षेप अनवाणीपणाच्या बाजूचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातील अभ्यासात २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले गेले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के, आणि बंद बूट वापरणाऱ्यांत प्रमाण अधिक. यावरून बूट नकोत असे आम्ही म्हणत नाही. मात्र पायाला मोकळीक न देणारा बूट सक्तीने घालायला लावणे अनवाणी ठेवण्यापेक्षा बरे असते, असे कोणी गृहीत धरू नये. म्हणून बूट घट्ट झालेल्या मुलाला चपलेवर शाळेत बसू द्यावे, त्यासाठी शिक्षा किंवा टोमणा नको. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवरून येणाऱ्या मुलांना तर ही सवलत सरसकट असावी. ओल्या पायमोज्यांत दिवसभर भिजलेल्या पायाचे काही भले होत नाही.

शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा आधीच मोठा आहे, हे मान्य. पण या मोजणीला ना यंत्र लागते ना खर्च. कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, मुलाला टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर सारखा भार देत उभे करायचे, सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करायची आणि पट्टीने मोजायचे. ते बोट अंगठ्याशेजारचेही असू शकते. दोन्ही पाय मोजून मोठ्याचे माप धरावे, चवड्याची रुंदीही लिहावी. दिवसभरात पाय किंचित सुजतो, म्हणून मोजणी दुपारनंतर व्हावी. समितीतले पालक हे काम करू शकतात आणि आम्ही त्यासाठी यायला तयार आहोत.

तरी शाळा सुरू होताच सर्व केंद्रांतील शाळांना लेखी सूचना द्यावी, मापे सेंटीमीटरमध्ये नोंदवून तीच यादी मागणीसोबत जोडावी आणि न बसणारा जोड पंधरा दिवसांत बदलून देण्याची अट दुकानदाराला घालावी. वाटपाच्या वेळी सुकतळा काढून त्यावर मुलाला उभे केले की जोड बसतो की नाही, हे तिथेच कळेल. दुसरी तपासणी दसऱ्यापूर्वी व्हावी, कारण त्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले गावात सापडत नाहीत. लहान झालेले पण धड असलेले जोड शाळेतच धुऊन-वाळवून गरजूंना देता येतील, मात्र तेही पाय मोजूनच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा कुरूप, वळलेली बोटे, नखांच्या तक्रारी पाहण्याची विनंती आपल्या कार्यालयाकडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना जावी. या मुद्द्यांवर काय कार्यवाही झाली, ते आम्हाला लेखी कळवावे.

आपले नम्र,
पालम शहर व तालुक्यातील पालक

प्रत माहितीसाठी : मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, परभणी