मशीन जिल्ह्याला आलं, पण लहान लेकरांच्या डायलिसिसचं काय?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं औषध पिऊन लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्या. तपासणीत औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. वीसहून जास्त लेकरं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या नागपूरला आणावं लागलं होतं.

चर्चा भेसळीच्या औषधावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण एक प्रश्न मागे राहिला. किडनी फक्त विषारी औषधानेच बंद पडते असं नाही. जोराचे जुलाब, घोणस चावणं, लघवीच्या मार्गातला जन्मजात अडथळा यामुळेही लहान मुलाची किडनी बंद पडू शकते. अशा वेळी दोन वर्षांच्या लेकराचं डायलिसिस करायचं कुठे?

मोठ्यांचं मशीन लहानांना का जड जातं?

आपल्याला माहीत असलेलं डायलिसिस म्हणजे रक्ताचं. साधारण आठवड्यातून तीन वेळा, दरवेळी चारेक तास. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. १० किलोच्या मुलात ते जेमतेम ८०० मिलिलिटर भरतं. त्यातलं थोडं रक्त नळ्यांमध्ये बाहेर फिरवायचं तरी जोखीम असते. मुलाच्या शिरा बारीक, त्यामुळे सुई-नळी घालणंही अवघड.

म्हणून लहान मुलांसाठी दुसरी पद्धत बऱ्याचदा सोयीची ठरते, ती म्हणजे पोटाचं डायलिसिस. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो. पोटात नळीवाटे औषधी पाणी सोडायचं, काही तास ठेवायचं, मग बाहेर काढायचं. रक्तातली घाण आणि जादा पाणी त्या पडद्यातून पाण्यात उतरतं. हाताने पिशव्या बदलायच्या असतील तर वीजही लागत नाही. घरच्यांना शिकवलं की हे घरी होतं. मूल शाळेत जाऊ शकतं आणि बापाची रोजची मजुरी बुडत नाही.

सगळी मदार एका नळीवर

ही नळी मऊ सिलिकॉनची असते. मुलाला भूल देऊन, छोटा छेद घेऊन किंवा दुर्बिणीने ती बसवतात. ऑपरेशन फार मोठं नाही, पण बारकाव्याचं आहे. नळीचं टोक ओटीपोटात खाली राहावं लागतं. आतड्यांवर चरबीची एक झालर असते, ती नळीला गुंडाळली की पाणी अडतं. म्हणून लहान मुलांत अनेकदा ती झालर त्याच वेळी काढून टाकतात. पोटात पाणी भरल्यावर हर्निया उमळू शकतो, तोही आधी तपासावा लागतो.

नळीवर कापडासारखे छोटे पट्टे असतात. त्यांत मांस रुजलं की नळी पक्की बसते आणि जंतूंची वाट अडते. नळीचं बाहेरचं तोंड खाली किंवा बाजूला वळवतात, लंगोट आणि चड्डीच्या नाडीपासून दूर ठेवतात. घाई नसेल तर जखम भरायला साधारण दोन आठवडे देतात. तातडी असेल तर मुलाला झोपवून थोडं-थोडं पाणी सोडतात.

म्हणजे इथे महागड्या मशीनपेक्षा शिकलेला सर्जन, लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर आणि घरच्यांना शिकवणारी नर्स जास्त महत्त्वाची आहे.

योजना आहे, पण जोर कुठे?

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. त्याचा भर जिल्हा रुग्णालयातल्या रक्ताच्या डायलिसिसवर होता. पोटाच्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. मशीन दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं. पण नळी बसवायला शिकलेल्या हातांची फीत कोण कापणार? लहान मुलांचं डायलिसिस मागे राहतं ते इथेच.

घरची बाजूही सोपी नाही. पिशव्या दर महिन्याला वेळेवर पोचल्या पाहिजेत. हात धुवायला स्वच्छ पाणी, पिशवी बदलायला स्वच्छ जागा लागते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे हा रोजचा प्रश्न आहे. विहिरीत-नदीत पोहणं बंद करावं लागतं. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं किंवा ताप आला तर पोटात जंतू शिरल्याची ती खूण असू शकते. पिशवी सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपण काय विचारायचं?

अर्धा दिवस उलटूनही मुलाला लघवी झाली नाही, तोंडावर सूज आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मोठ्या दवाखान्यात पाठवत असतील तर तिथे लहान मुलांचं डायलिसिस होतं का, हे निघण्याआधी फोन करून विचारून घ्यावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. नळी बसवण्याचं ऑपरेशन आणि नंतरच्या पिशव्या त्यात बसतात का, हे आरोग्यमित्राकडून स्पष्ट करून घ्यावं.

आणि ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत मशीन किती हे विचारतो, तसंच लेकरांना नळी बसवणारा डॉक्टर जिल्ह्यात आहे का, हेही विचारायला हवं.