बरोबर उत्तर नसलेला खेळ

आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण 'योग्य पर्याय निवडा' या पद्धतीने झाले. चारांपैकी एक उत्तर बरोबर, तीन चूक. हीच सवय घेऊन आपण राजकारणाकडे बघतो. मग कुणाच्याही घरी जेवायला जमलो की एक वाक्य हमखास ऐकू येते: "इतकी साधी गोष्ट आहे, पण या राजकारण्यांना कळतच नाही!"

राज्यकारभार चालवून बघण्याचे जे कॉम्प्युटर गेम्स आहेत, ते ही सवय मोडू शकतात किंवा अधिक पक्की करू शकतात. गेम बनवणारा खेळणाऱ्यापुढे पर्याय कसे मांडतो, यावर ते ठरते. एक पर्याय शहाणा आणि बाकीचे मूर्ख असतील, तर तो प्रचार झाला, मग तो उजवा असो की आपल्यासारख्या पुरोगाम्यांचा. माझे म्हणणे असे की प्रत्येक पर्याय अपुरा असला पाहिजे आणि त्याची किंमत कोण मोजणार हे स्पष्ट दिसले पाहिजे.

विल राइट यांचा 'सिमसिटी' १९८९ साली आला. त्यामागे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांच्या 'अर्बन डायनॅमिक्स' (१९६९) या पुस्तकाची प्रेरणा होती. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराचे शेवटी नुकसानच होते, असा फॉरेस्टर यांच्या मॉडेलचा निष्कर्ष होता. टीकाकारांनी दाखवून दिले की त्या मॉडेलमध्ये उपनगरेच नव्हती! अमेरिकन शहरांमधून माणसे आणि कर कुठे गेले हे ठाऊक असलेल्याला ही उणीव किती मोठी हे सांगायला नको. पुढे १९९३ साली, क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेवर वाद चालू असताना, मार्कल फाउंडेशनच्या मदतीने 'सिमहेल्थ' निघाला. त्या योजनेच्या आखणीत सहभागी असलेले पॉल स्टार यांनी १९९४ साली 'द अमेरिकन प्रॉस्पेक्ट'मध्ये त्यावर कडक टीका केली. त्यातल्या चुकीच्या माहितीवरून कोणतीही योजना समजणे शक्य नाही, असे त्यांचे मत होते.

मी संशोधन क्षेत्रात आहे. मॉडेल अपुरे असणे हे आमच्याकडे रोजचेच. पण त्यातून काय वगळले ते न सांगणे हा मात्र अपराध समजला जातो. गेमलाही हाच नियम लावायला हवा.

मग चांगला अपुरा पर्याय कसा असतो? आपल्या महाराष्ट्रातच एक उत्तम नमुना आहे: रोजगार हमी योजना. १९७२च्या दुष्काळातून ती उभी राहिली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पैसा मुख्यतः शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून आला. काम अंगमेहनतीचे आणि मजुरी कमी. त्यामुळे ज्याला खरोखर गरज तोच कामावर येई. मजुरी कमी ठेवणे हा श्रमिकांवर अन्याय नव्हे का? जरूर होता. १९८८ साली किमान वेतनाबरोबर ती दुप्पट झाली. त्यानंतर मात्र मागेल त्याला काम मिळेनासे झाले, असे मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. मजुरी वाढवा, हमी पातळ होते; हमी राखा, मजुरी तुटपुंजी राहते; दोन्ही हवे असेल तर कर वाढवा, आणि शहरी मतदाराला तोंड द्या. या तिन्ही बाजूंना चांगली माणसे उभी राहू शकतात. गेममधला प्रश्न असा हवा.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न घेऊ: ग्रीन कार्ड. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांचा वार्षिक आकडा १९९०च्या कायद्याने साधारण १,४०,००० ठरवला. त्यात अर्जदाराचे जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. आपली रांग म्हणूनच संपत नाही. देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला मसुदा मंजूर केला, पण दोन्ही मसुदे जुळले नाहीत आणि विषय तिथेच संपला.

याचा गेम करायचा तर पर्याय असे लिहावे लागतील. एक: मर्यादा काढा, एकूण आकडा तोच ठेवा. भारतीयांची रांग वेगाने सरकेल, पण फिलिपिन्सची नर्स आणि नायजेरियाचा संशोधक मागे ढकलले जातील. दोन: एकूण आकडा वाढवा. कुणीच मागे पडणार नाही, पण मते जमवताना नातेवाइकांच्या व्हिसांवर कात्री लावण्याची मागणी पुढे येईल. तीन: आहे तसे राहू द्या. मग लहानपणी इथे आलेली आपली मुले २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडत राहतील.

यात 'बरोबर' उत्तर कोणते? पहिला पर्याय आपल्याला न्यायाचा वाटतो, आणि जन्मदेशावरून कुणाला ताटकळत ठेवू नये हे तत्त्वही खरेच आहे. पण त्याच गेममध्ये मनिलाच्या नर्सची भूमिका घेऊन पाहा. तिच्या रांगेत वाढलेली वर्षेही तितकीच खरी आहेत. तरीही आपण पहिला पर्याय निवडू शकतो. मात्र तिच्या नुकसानभरपाईचा विचार न करता निवडला, तर स्वतःला पुरोगामी म्हणवण्याचा आपला हक्क थोडा कमी होतो.

तेव्हा मुलांच्या हाती असा गेम देताना त्यांना दोन प्रश्न विचारायला शिकवा: यात काय वगळले आहे? आणि मी जिंकलो तेव्हा कोण हरले? कुणीच हरले नाही असे उत्तर येत असेल, तर तो गेम राजकारणाचा नाही. आणि जाता जाता, हेच दोन प्रश्न आपण आपल्या आवडत्या उमेदवारालाही विचारायला काय हरकत आहे?