आपले चर्च जिवंत आहे का?

सुपा धरणात जुने सुपे बुडाले. कित्येक कुटुंबे रामनगरला आली. घर नवे, शेजार नवा, प्रार्थनेला सोबत बसणारी माणसेही नवी. अशा वेळी मनात येतेच, ‘हे चर्च आपले आहे का?’

रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही असा प्रश्न पडला होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. त्यांनी मिशन सोडले, ख्रिस्त नाही.

गर्दी आणि लाऊडस्पीकर यांवरून पारख होत नाही. आजाऱ्याच्या दारी कोण येते? जमाखर्च सर्वांसमोर मांडतात का? शंका विचारणाऱ्या मुलाला गप्प करतात, की जवळ बसवून ऐकतात? कन्नड शाळेत शिकणाऱ्या नातीला आणि कोंकणी-मराठी बोलणाऱ्या आजीला, दोघींनाही प्रवचन कळते का?

एक प्रश्न स्वतःलाही विचारावा: मी तिथे नुसता घ्यायला जातो, की काही द्यायलाही?

उत्तरे मनासारखी आली नाहीत, तर आधी फादरांशी किंवा पास्टरांशी मोकळेपणी बोला. तरीही जावेच लागले, तर जा; पण मनात कडवटपणा घेऊन जाऊ नका. नव्या चर्चमध्येही तो आपल्याच बाकावर येऊन बसतो.